एका बॉक्सला किती सेकंद

३ जून

ठमे,

आशीर्वाद आहेतच, पण राग आधी. परवा फोनवर मी वीस मिनिटं बोलले आणि तू नऊ वेळा ‘हं’ म्हणालीस. मध्ये मी मुद्दाम गप्प बसून पाहिलं, तरी तू ‘हं’ म्हणालीस. म्हणून हे पत्र. नुसतं ‘हं’ लिहून पाकीट चिकटवायची तुला लाज वाटेल, एवढी तरी मी तुला ओळखते.

नोकरी लागली म्हणतेस, पण कसली ते सांगत नाहीस. शेजारीण विचारते तेव्हा मी सांगते, माझी भाची यंत्रातलं शिकलीय, तिचं काम तोंडाने सांगता येत नाही.

इथे आमच्या लाइनवर संकट आलंय. तुला माहीत आहे, आम्ही काचेचे ग्लास भरतो, एका बॉक्समध्ये सहा. पुठ्ठा उघडायचा, खाली टेप, आत कप्पे, ग्लास पुसून ठेवायचे, वर कागद, पुन्हा टेप, लेबल, आणि बॉक्स पट्ट्यावर सोडायचा. तासाला सत्तर. सत्तरच्या खाली गेलं की सुपरवायझर येतो. त्याला आम्ही घाईघाई म्हणतो, कारण त्याला दुसरा शब्द येत नाही. आता वरच्यांच्या डोक्यात आलंय की सत्तरचे नव्वद करायचे. नव्वद झाले की आम्हा अठरा जणांचं काम चौदा जणांत होतं आणि चौघांना घरी बसवतात. ते चौघे कोण हे कुणी सांगितलेलं नाही, पण वयाने वरून मोजलं तर मी दुसरी येते.

त्यासाठी बाहेरच्या कुठल्याशा ऑफिसातून घड्याळवाला येणार आहे. एकेकाच्या मागे उभा राहून सेकंद मोजणार. तो लिहील तो आकडा, तेच टार्गेट. एवढी शिकलीस, तर सांग, घड्याळवाल्याला कसं फसवायचं? जरा लवकर सांग, तो महिनाअखेर टपकतोय.

तुझी मावशी


९ जून

प्रिय मावशी,

‘हं’ सात वेळा होतं. उरलेल्या दोन वेळा पलीकडच्या खाटेवरची मुलगी घोरली. ती रात्रपाळी करून दुपारी झोपते. तू गप्प बसलीस तेव्हा आलेलं ‘हं’ तिचं.

माझं काम नोंदी ठेवण्याचं आहे. टेबल दोघांत एक आहे. सकाळी मी उजवीकडे बसते आणि दुपारी डावीकडे, म्हणजे ऊन जिथे येतं तिथे, कारण दुसरे गृहस्थ माझे वरिष्ठ आहेत. सहा महिने उमेदवारी, त्यानंतर कायम करतील किंवा करणार नाहीत. पगार तुझ्या पगाराहून फार निराळा नाही. फक्त त्याला इथे मानधन म्हणतात.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: हळू काम करू नका. वेळ मोजणारी माणसं नुसती वेळ लिहीत नाहीत, हातांचा वेगही बघतात. माणूस रेंगाळतोय असं वाटलं तर साठ सेकंदांचे कापून चाळीस करायची त्यांना मुभा असते. तेव्हा रेंगाळणं तुमच्यावरच उलटेल. फसवू नका एवढंच मी सांगू शकते.

कारखान्याचं फाटक कुठल्या रस्त्यावर आहे आणि कंपनीचं पूर्ण नाव काय? घड्याळवाल्याची तारीख नक्की झाली तर तीही कळव.

ठमी


१४ जून

ठमे,

तू हिरा आहेस. तुझं पत्र मी काकूंना वाचून दाखवलं (लाइनवर सगळ्यांत मोठ्या त्याच, माझ्याही वर), आणि त्यांना एका मिनिटात सगळं कळलं. रेंगाळायचं नाही. दिसायला घाई आणि व्हायला उशीर, असं करायचं. हे आम्हाला सुचलंच नसतं.

आता रोज संध्याकाळी माझ्या खोलीत तालीम असते. घरातले सहा ग्लास आणि चपलांचा बॉक्स घेतो. हात असे फिरवायचे की बघणाऱ्याला घाम फुटावा, पण मध्ये कामं घालायची. ग्लास उजेडात धरून एक डोळा मिटून पाहायचं. फुंकर मारायची. बॉक्स उलटा करून दोन टिचक्या. लेबल लावलं की मागे सरून ते सरळ आहे का बघायचं, मग पुन्हा पुढे. आमच्यात एकच पुरुष आहे, त्याला पैलवान म्हणतात. छातीच्या फासळ्या शर्टावरून मोजाव्यात असा आहे. त्याने ग्लास पुसताना असा काही झटका बसवलाय की काकू म्हणाल्या, हा इथे फुकट गेला, याला पडदा लावून समोर तिकीट ठेवायला हवं होतं.

पण प्रत्येकाची वेळ वेगळी येत होती. कुणाची पन्नास, कुणाची सत्तर. म्हणून काकूंनी सगळ्यांना मनात आकडे मोजायला लावले. ओठ न हलवता. आता अठराच्या अठरा जण एकसष्टला बॉक्स सोडतात. अंगावर काटा येतो गं बघून.

माझा अंगठा उत्तम आहे. पट्टी बांधते ती नुसती सवय म्हणून.

फाटक जुन्या बसडेपोच्या मागच्या रस्त्यावर आहे. कंपनीचं नाव दुसऱ्या कागदावर लिहिलंय, पाटीवरून उतरवून आणलं. मला कळलं हो तू का विचारतेस. मावशीला भेटायला अचानक यायचं आहे. ये. पण सोमवारी, बावीसला नको, त्या दिवशी तो मेला घड्याळवाला येतोय.

मावशी


१८ जून

प्रिय मावशी,

मी अंगठ्याबद्दल विचारलंच नव्हतं.

आता जे लिहिते ते बसून वाच. आमचं ऑफिस निरनिराळ्या कारखान्यांत जाऊन कामाच्या वेळा मोजतं. माझं काम नोंदी ठेवण्याचं आहे हे खरं आहे. त्या नोंदी सेकंदांच्या असतात. बावीस तारखेला येणारा घड्याळवाला मी आहे.

पहिल्या पत्राच्या वेळी मला संशय आला. कंपनीचं नाव वाचलं तेव्हा खात्री झाली. तोवर काम माझ्या नावावर चढलं होतं. उमेदवारीत काम नाकारलेलं चालत नाही. एकाने नाकारलं होतं, त्याची खुर्ची मला मिळाली.

मला ओळख दाखवू नकोस. कुणाला सांगू नकोस. फोन करू नकोस. फोन ऑफिसचा आहे, मी कुणाशी किती बोलते ते तिकडे दिसतं. मी तुझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून लॉजवर उतरेन. पत्र खाली दारातल्या टपालपेटीत टाक, पाकिटावर खोली क्रमांक सात लिही. मी तुझ्या पेटीत टाकत जाईन.

मी तालमीबद्दल काही वाचलेलं नाही असं समजून मोजणार आहे. ते मला कितपत जमेल ते माहीत नाही.

ठमी


२२ जून

घड्याळवाली मॅडम,

बसून वाच म्हणालीस म्हणून जिन्यातच बसले. शेजारणीने विचारलं, कुणी गेलं का? मी म्हटलं, नाही, येणार आहे.

तीन दिवस मी पोटात ठेवलं ठमे, मी, जिच्या पोटात चहासुद्धा पाच मिनिटं गुपचूप राहत नाही. सगळे मिळून घड्याळवाल्याला शिव्या देत होते, मग गप्प कशी बसू? मीही दोन दिल्या. एक जरा जास्तच झाली, ती तुझ्या आईबापांवर गेली, म्हणजे माझ्याच बहिणीवर. तिची मी मनातल्या मनात माफी मागितली.

आणि आज तू आलीस. मला वाटलं मोठं काहीतरी घेऊन येशील. हातात एक फळी, तिच्यावर कागद, आणि सुपारीएवढं घड्याळ. तू माझ्यामागे येऊन उभी राहिलीस आणि मी म्हटलं, मॅडम, पाणी घ्या. मॅडम म्हणताना मला असं हसू फुटलं की टेपचं टोक तोंडात धरावं लागलं. तू म्हणालीस, नको, धन्यवाद. धन्यवाद. मी तुझं नाक पुसलंय गं.

पण खरं सांग, कसं झालं? पैलवानाने झटका मारला तेव्हा तुझ्या चेहऱ्यावरची माशी हलली नाही. दगड आहेस. घाईघाई तर वेडा झाला, आम्ही एवढ्या चपळ कधीपासून झालो त्याला कळेना, आणि बॉक्स कमी का पडतायत तेही कळेना. दर दहा मिनिटांनी येऊन पट्ट्याखाली वाकून बघत होता, तिथे पडतायत की काय म्हणून.

एकसष्ट आले ना? उत्तर टाक.

मावशी


२३ जून

प्रिय मावशी,

एकसष्ट आले. सोळा जणांचे एकसष्ट. एकाचे साठ. काकूंचे बासष्ट, कारण त्यांना शिंक आली.

हीच अडचण आहे. खरे हात असं करत नाहीत. एकाच माणसाचे सलग दोन बॉक्ससुद्धा सारख्या वेळात होत नाहीत. माझे वरिष्ठ हा कागद तीन मिनिटं बघतील आणि विचारतील, हे कारखान्यातलं आहे की कवायतीतलं? मग ते चाळीस लिहितील. चाळीस सेकंद म्हणजे तासाला नव्वद.

पण मी कालच्या दिवसात आणखी काही पाहिलं. जेवणाच्या अर्ध्या तासातली तेरा मिनिटं तुम्ही पुठ्ठ्यांचे गठ्ठे आणत होतात. दिवसभरात तू एकदाही पाणी प्यायली नाहीस. मला विचारलंस, स्वतः घेतलं नाहीस. जेवणाची सुट्टी सोडली तर आठ तासांत अठरांपैकी एकही जण जागचा हलला नाही. हे तालमीतलं नव्हतं, हे रोजचं आहे, हो ना? सत्तर तुम्ही असे भरता. आणि टेप तोडताना तू दर वेळी डोळे मिटतेस. ती सवय नाही, तो अंगठा आहे.

आमच्या फॉर्मवर ‘सवलत’ नावाचा रकाना असतो. पाणी, संडास, सामान आणणं, पट्टा बंद पडणं, हाताला विसावा, हे सगळं त्यात धरायचं. नियमावलीत लिहिलंय, प्रत्यक्ष पाहून भरावे. आजवरच्या सगळ्या कागदांवर तिथे शून्य आहे. वरिष्ठांनी पंचवीस वर्षं शून्य लिहिलंय. ते खोटं नाही. मोजणारा तासभर उभा राहतो आणि त्या तासात भीतीने कुणी हलत नाही.

शुक्रवारी मी पुन्हा पूर्ण दिवस उभी राहणार आहे. त्या दिवशी तालीम सोडा. हळू नको आणि जोरातही नको. तहान लागली की पाणी प्या. जायचं असेल तेव्हा जा. पुठ्ठे संपले की तेव्हाच आणा, जेवताना जेवा. आकडा काय येईल ते मला सांगता येणार नाही, कारण मला माहीत नाही. जे दिसेल ते मी लिहीन.

ठमी


२४ जून

ठमे,

म्हणजे बारा दिवसांची तालीम पाण्यात. आणि बदल्यात तू काय देतेस, तर ‘मला माहीत नाही’.

तुझ्या रकान्यात तू काय भरशील ते तुझ्या साहेबांना आवडलं नाही तर तू दुसऱ्या कारखान्यात जाशील. आम्ही कुठे जाऊ? पाणी प्या म्हणे. पाणी प्यायला मलाही येतं. सत्तरचे अडुसष्ट झाले की घाईघाई वहीत नाव लिहितो, आणि तीनदा नाव आलं की फाटकावरचा माणूस आत सोडत नाही, हे तुझ्या नियमावलीत कुठल्या पानावर आहे?

मी कुणाला काही सांगणार नाही. सांगू तरी काय? आणि कुणी सांगितलं म्हणून सांगू?

आज चहा प्यायला नाही. राग म्हणून.

मावशी


२७ जून

ठमे,

सांगितलं. सगळं सांगितलं. तू माझी भाची आहेस हेही, गुरुवारी, जेवताना. मग पैलवान म्हणाला, म्हणजे त्या दिवशी ती जी शिवी आईबापांवरून दिलीत ती...? मी म्हटलं, हो, घरातच राहिली.

बहुतेकांचं म्हणणं पडलं की नको, एकसष्टच बरं. मीही तेच म्हणत होते. तेव्हा काकू बोलल्या. त्या फार बोलत नाहीत. म्हणाल्या, “मी सहा वर्षं सकाळी घरून संडासला जाऊन येते ती थेट संध्याकाळी घरीच जाते. एक दिवस माणसासारखं जायला मिळणार असेल, तर घड्याळवाली मावशीची असो नाहीतर भुताची.” आणि डबा बंद करून उठल्या. मग सगळ्यांचं तेच ठरलं.

कालचा दिवस तू पाहिलास, पण तू फळीतून पाहिलास, मी सांगते तो ऐक.

नऊ वाजून दहा मिनिटांनी काकूंनी ग्लास खाली ठेवला आणि चालू लागल्या. घाईघाईला वाटलं त्यांना भोवळ येतेय, तो धावत आला. काकू म्हणाल्या, जाऊन येते. तो म्हणाला, कुठे? त्या म्हणाल्या, वर. आणि तू मागोमाग निघालीस, पावलं मोजत. मग काकू वळून म्हणाल्या, दार धरायला कुणीतरी या गं, तिथल्या कड्या तुटल्यात, तुम्हाला ठाऊक आहे. मी जाणार होते, पण तू म्हणालीस, मी धरते. नंतर काकूंनी सांगितलं की ठमीने एका हाताने दार धरलं होतं आणि दुसऱ्या हातात घड्याळ चालू होतं. त्या आतून म्हणाल्या, मॅडम, घाई करू का? तू बाहेरून म्हणालीस, नेहमीसारखं करा. काकू म्हणाल्या, नेहमी कुठे येते मी, नेहमीचं मला काय माहीत. हे त्या काल दिवसभर सांगत होत्या आणि दर वेळी रडेपर्यंत हसत होत्या.

मग बांध फुटला. दोघी जात होत्या, एक आत, एक दारावर. पाण्याच्या नळावर रांग लागली, तर पैलवान चार पेले एकदम प्यायला आणि मग त्याला दोनदा जावं लागलं, त्याचं दार धरायला पुरुष नाही. शेवटी घाईघाईच गेला. पुठ्ठे संपले तेव्हा आम्ही चौघी चालत गेलो, चालत, आणि गोदामात खिडकी आहे हे मला चार वर्षांनी कळलं. जेवताना जेवलो. अर्धा तास केवढा मोठा असतो गं. जेवून झालं, बोलून झालं, तरी उरला होता, मग काकूंनी डुलकी काढली.

तीन वाजता घाईघाई नळावर एकटाच उभा होता. पाणी प्यायला, मग इकडेतिकडे बघून पुन्हा प्यायला.

संध्याकाळी बॉक्स मोजले तेव्हा मात्र सगळ्यांची तोंडं उतरली. फारच कमी. आकडा सांग. मी आता रागावलेली नाही, घाबरलेली आहे.

मावशी


२९ जून

प्रिय मावशी,

तुमच्या लाइनपासून संडासापर्यंत दोनशे बारा पावलं आणि दोन मजले आहेत. जाऊन यायला नऊ मिनिटं लागतात, आणि कडी नसल्यामुळे ती नऊ मिनिटं दोन माणसांची जातात. म्हणजे अठरा. हे मी तसंच लिहिलं: दार धरण्यास, एक व्यक्ती. पुठ्ठे आणण्यात माणशी दिवसाला पंचवीस मिनिटं. पट्टा बंद पडतो तो चोवीस मिनिटं. फुटलेल्या काचा, टेपचं रीळ बदलणं, पाणी, हाताला विसावा. सगळं मिळून दिवसातली दोन तास पाच मिनिटं. हातांची खरी वेळ शेहेचाळीस सेकंद आली. तुम्ही चपळ आहात, तालीम न करताही.

सगळं धरून एका बॉक्सला चौसष्ट सेकंद. तासाला छप्पन.

तुमच्या नाटकाने तासाला एकोणसाठ आले असते. मी तीन वेळा तपासलं. तुम्ही बारा दिवस तालीम करून जे खोटं बसवलं, ते खऱ्यापेक्षा तीन बॉक्स जास्तच होतं.

मला हसू आलं. लॉजवरच्या बाईंनी दार वाजवून विचारलं, सगळं ठीक आहे ना.

आता वाईट बातमी. फॉर्मचं शेवटचं पान मी आज उघडलं. त्यावर एक ओळ आहे: मोजणी झालेल्या लाइनवर मोजणाऱ्याचे कुणी नातेवाईक आहेत काय. मी ‘आहे’ असं लिहिलं. खाली नातं लिहायला जागा होती, तिथे ‘मावशी’.

ठमी


१ जुलै

ठमे,

ते पान हरवलं म्हणायचं. भिजलं म्हणायचं. लॉजवर उंदीर असतील, त्यांच्यावर ढकलायचं. एवढी मोठी फळी घेऊन हिंडतेस आणि त्यातलं एक पान तुला पाडता आलं नाही?

छप्पन म्हटल्यावर पैलवानाने काकूंना उचललं होतं, आता तो तोंड चुकवतोय.

मला सांग, ‘नाही’ लिहिलं असतं तर मी मावशी राहिले नसते का?

मावशी


९ जुलै

प्रिय मावशी,

राहिली असतीस. पण दोनशे बारा पावलं खरी आहेत हे त्यांनी त्याच कागदावरून मानायचं होतं. एका ओळीत खोटं सापडलं की बाकीच्याही गेल्या.

मला बोलावलं होतं. आधी का सांगितलं नाही, असं विचारलं. मी म्हटलं, आधी कुणी विचारलं नाही. हे उत्तर त्यांना पटलं नाही आणि मलाही फारसं पटत नाही. लेखी ताकीद मिळाली. उमेदवारी तीन महिन्यांनी वाढवली. शिवाय अहवालाला चार दिवस द्यायचे असतात, मी सात लावले, म्हणून वेगळी नोंद.

माझी मोजणी रद्द झाली. कारखान्याने नव्वदचा आग्रह पुन्हा धरला आहे. सोळा तारखेला वरिष्ठ स्वतः येतील. तेच, पंचवीस वर्षं शून्य लिहिणारे. मी त्यांना एवढंच विचारलं की पूर्ण दिवस थांबणार का. ते म्हणाले, नियमावलीत तसं आहे का? मी पान काढून दाखवलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाले, हे कधी घातलं? ते पहिल्यापासून तिथे होतं.

ते थांबतील. नाटक करू नका. त्या शुक्रवारी जसं केलंत तसंच. ते कुणाचे काका, मामा नाहीत, त्यामुळे ते लिहितील ते टिकेल. मला तुमच्यासाठी आणखी काही करता येत नाही, आणि हे लिहायला मला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

ठमी


१८ जुलै

ठमे,

तुझे वरिष्ठ आले. मला वाटलं होतं राक्षस असेल. तर हे बुटके गृहस्थ, स्वच्छ इस्त्री, आणि उजवा गुडघा कुरकुर करणारा. कुणाशी बोलायचं नाही म्हणून जणू शपथ घेऊन आलेले. आम्हीही बोललो नाही. ग्लास भरले, पाणी प्यायलो, पुठ्ठे आणले. काकूंचा एक ग्लास फुटला, तर त्यांनी वाकून काचा गोळा करायला किती वेळ लागला तेही लिहिलं.

दहा वाजता काकू उठल्या. हे मागे. जिन्याच्या दुसऱ्या वळणावर थांबले, गुडघा धरून. काकूही थांबल्या, माणुसकी म्हणून. घड्याळ चालूच. वर पोचल्यावर कड्या पाहिल्या, लिहिलं.

आणि मग दोन वाजता, ठमे, त्यांना स्वतःलाच जावं लागलं. आम्ही दिवसभर चहापाणी विचारत होतो, तेही घेत होते. निघाले. मग परत आले. लाइनजवळ उभे राहून घसा साफ केला. पैलवानाजवळ गेले आणि हळूच म्हणाले, “जरा येता का वर?” पैलवान ग्लास ठेवून असा निघाला जसा वरातीत करवला. अठरा जण, म्हणजे सतरा, आम्ही माना खाली घालून ग्लास पुसत होतो, आणि एकीचेही खांदे स्थिर नव्हते. पैलवान सांगतो की त्यांनी आतून विचारलं, तुम्ही रोज असंच करता? तो म्हणाला, नाही साहेब, रोज आम्ही येतच नाही.

काल फलक लागला. घाईघाईने स्वतःच्या हाताने लावला, दोन्ही बाजूंनी टाचण्या मारून. तासाला चोपन्न. खाली तुझ्या वरिष्ठांची सही. कुणीही घरी जाणार नाही, चौघे काय, एकही नाही. काकू फलकासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, वाचून दाखवा, चष्मा आणला नाही. चष्मा डोळ्यांवरच होता. चार जणांनी वाचून दाखवलं, तरी म्हणाल्या पुन्हा. आज सकाळी सुतार येऊन कड्या बसवून गेला. पैलवान म्हणतो, माझं एक काम गेलं.

मी दवाखान्यात जाऊन आले. अंगठ्याला तीन आठवडे विसावा सांगितलाय, आणि काकूंनी माझ्यासाठी टेप तोडायला पैलवानाला शेजारी उभं केलंय. हे कुठल्या रकान्यात बसतं ते तू बघ.

तुझी उमेदवारी वाढली त्याचं मला वाईट वाटतं. इथे सगळ्यांना वाटतं. काकू तुझ्या वरिष्ठांना पत्र लिहिणार होत्या, मी म्हटलं नका, तीही नोंद होईल. रविवारी ये, फळी न घेता. सगळ्यांनी तुला बोलावलंय, आणि त्या दिवशीच्या शिवीबद्दल पैलवानाला तुझ्याकडून रीतसर माफी हवी आहे, का ते त्यालाच माहीत.

बाकी सगळं गोड झालं, पण एक गोष्ट मला रात्रंदिवस सलतेय आणि ती मी तुझ्या तोंडावर विचारणार आहे. तो परका माणूस, पंचवीस वर्षं शून्य लिहिणारा, आम्हाला ओळखतही नाही, तो चोपन्न देऊन गेला. आणि तू, माझ्या बहिणीची पोर, तू छप्पन.

मावशी